लाइव्ह अल्बम काढायचा का? एका रेकॉर्डिंगच्या नोंदी

रविवार, १२ जानेवारी २०२५

आमच्या पाच जणांच्या ख्रिस्ती रॉक बँडच्या कालच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग दोन हार्ड डिस्कवर उतरवून घेतलं. २४ चॅनल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, ९४ मिनिटं. सगळं मिळून साडेएकोणीस जीबी. एक डिस्क माझ्याकडे, दुसरी गिटारदादाकडे. दोन्ही एकाच घरात राहणार नाहीत, हे आधीच ठरलं होतं.

रात्री भायखळ्याच्या हॉलबाहेर टेम्पोत सामान चढवतानाच दादाने विषय काढला. "याचा लाइव्ह अल्बम काढू या." ड्रमर तिथल्या तिथे नाही म्हणाला. आमची गायिका ताई काहीच बोलली नाही, केबल गुंडाळत राहिली. मी म्हटलं, आधी ऐकते, मग बोलू. बेस मी वाजवते आणि रेकॉर्डिंगही मीच बघते, त्यामुळे ऐकायचं काम माझ्याकडे आलं. निर्णय होईपर्यंत जे ऐकेन, जे कळेल ते इथे लिहीत जाणार आहे.

एकूण दहा गाणी. चार आमची, तीन इंग्रजी उपासनागीतं, तीन रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं. सहाव्याच्या आधी एका बाईंची साक्ष, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं, आणि शेवटी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांची प्रार्थना.

आज उपासनेनंतर घरी येऊन पहिली तीन गाणी ऐकली. पहिलं गाणं अल्बममध्ये जाणार नाही, हे अर्ध्या मिनिटात कळलं. दादाचा अँप इतका मोठा होता की ताईच्या माइकमध्ये ताईपेक्षा गिटार जास्त आहे. दुसऱ्या गाण्यापासून त्याने आवाज कमी केला.

मंगळवार, १४ जानेवारी

चौथ्या आणि पाचव्या गाण्यात किक ड्रमचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, ट्रॅक रिकामा आहे. केबल सैल झाली असणार. सहाव्याच्या आधी साक्ष सुरू असताना साउंडवाल्याने ती बदलली, तिथून आवाज परत येतो. हॉलमध्ये कुणाला कळलं नाही, कारण किक तिथे अंगालाच लागत होता. रेकॉर्डिंगमध्ये मात्र त्या जागी नुसती टकटक ऐकू येते.

ड्रमरला फोन केला. तो म्हणाला, "म्हणूनच सांगत होतो. दोन गाणी आत्ताच गेली. अजून किती जाणार?"

त्याचं म्हणणं नीट लिहून ठेवते, कारण ते नुसतं नाराजीचं नाही. आमची चारही गाणी स्टुडिओत आधीच रेकॉर्ड झालेली आहेत. त्यासाठी दोन वर्षं प्रत्येकाने पगारातून पैसे बाजूला काढले. तीच गाणी परत, जास्त चुकांसह, पंख्यांच्या घरघरीसह लोकांनी का ऐकावीत? लाइव्ह अल्बम मोठ्या बँडला शोभतो, ज्यांची गाणी लोकांना तोंडपाठ असतात, असं तो म्हणतो. आमची गाणी कुणाला पाठ आहेत?

खरं सांगायचं तर आज मीही त्याच्याच बाजूची आहे.

शनिवार, १८ जानेवारी

संध्याकाळी कांजूरमार्गहून दादाकडे कुर्ल्याला जाताना गाडीत सगळीकडे कोल्डप्लेच्याच गप्पा होत्या. आज, उद्या आणि मंगळवारी नेरूळच्या स्टेडियममध्ये त्यांचे कार्यक्रम आहेत. आमच्या भायखळ्याच्या हॉलमध्ये तीनेकशे खुर्च्या होत्या आणि मागच्या दोन रांगा रिकाम्या.

दादाकडे पेट्राची जुनी कॅसेट आहे, कुणीतरी कधीकाळी दिलेली. पेट्रा म्हणजे ग्रीकमध्ये खडक. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बॉब हार्टमन या गिटारवाल्याने १९७२ साली हा बँड उभा केला. ख्रिस्ती रॉक हा शब्दच तेव्हा नवा होता आणि चर्चमधल्या कित्येकांना तो पटतही नव्हता. १९८६ साली त्यांचा दुहेरी लाइव्ह अल्बम आला, 'कॅप्चर्ड इन टाइम अँड स्पेस'. त्यांचा गायक ग्रेग व्होल्झ याचा पेट्राबरोबरचा तो शेवटचा अल्बम. पुढच्या स्टुडिओ अल्बममध्ये जॉन श्लिट गायला.

दादाने मुद्दाम काढलेली गोष्ट होती ती. ताई मे महिन्यात नर्सच्या नोकरीसाठी कॅनडाला चाललीये. तिकीट निघालंय. दादा म्हणाला, "ती गेल्यावर दुसरी गायिका येईल, चांगली येईल. पण हे पाच जण एकत्र वाजवत होते, याचा पुरावा कुठला? स्टुडिओत तर आपण एकेकटे वाजवलं. तू तुझा बेस जूनमध्ये वाजवलास, ताई ऑगस्टमध्ये गायली."

हे खरं आहे. स्टुडिओच्या रेकॉर्डिंगमध्ये आम्ही पाच जण एकदाही एका खोलीत नव्हतो.

मग त्याचं बोलणं रंगभवनावर आलं. धोबीतलावच्या त्या खुल्या रंगमंचावर १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक व्हायचं. दादा लहान असताना त्याच्या मामांनी त्याला एकदा नेलं होतं. पुढे आजूबाजूची रुग्णालयं आणि कॉलेज यांमुळे तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि मोठ्या आवाजाचे कार्यक्रम तिथे बंद झाले. रुग्णांना झोप हवी, यात वाद नाही. पण तिथे जे वाजलं त्यातलं बरंचसं कुठेच उरलं नाही, याचं दादाला आजही वाईट वाटतं.

रविवार, २६ जानेवारी

उपासनेनंतर झेंडावंदन, मग चहा. चहाच्या वेळी पाळकसाहेबांना विचारलं. ते रॉकच्या विरोधात नाहीत. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ड्रम आणायला चर्चच्या पंचायतीत सगळ्यात आधी त्यांनीच होकार दिला होता. त्यांची अडचण वेगळी आहे.

"मत्तय सहावा अध्याय काढ," म्हणाले. बायबलच्या त्या अध्यायात येशू सांगतो, लोकांनी पाहावं म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून प्रार्थना करू नका, खोलीत जा, दार लावून घ्या. "तुम्ही त्या रात्री गात होतात तेव्हा लोक डोळे मिटून होते. काहीजणी रडत होत्या. ते विकायला ठेवायचं का? तुम्ही वाईट हेतूने करणार नाही, ते मला ठाऊक आहे. मी फक्त विचारतोय."

मी म्हटलं, "साहेब, स्तोत्र १५० मध्ये झांजा आहेत, कर्णे आहेत. ते काही दार लावून वाजवायचं काम नाही."

ते हसले. "नाही. पण त्या स्तोत्रात कुणी रेकॉर्डही करत नव्हतं."

उत्तर सुचलं नाही. घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं.

रविवार, २ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा बाल्कनीतले दोन माइक नीट उघडले. तोपर्यंत ते बंदच ठेवले होते, कारण टाळ्यांपुरते वापरायचे असा विचार होता.

ते स्टेजपासून १९ मीटरवर, बाल्कनीच्या कठड्याला बांधले होते. आवाजाला तेवढं अंतर कापायला साधारण ५५ मिलिसेकंद लागतात. म्हणून ते ट्रॅक तसेच लावले की प्रत्येक ठोक्यामागे दुसरा ठोका ऐकू येतो, गुहेत वाजवल्यासारखा. दोन्ही ट्रॅक तेवढे पुढे ओढले आणि स्नेअरच्या ठोक्यावर जुळवून घेतले. मग सातवं गाणं लावलं.

सातवं म्हणजे टिळकांच्या तीन भजनांतलं मधलं. शब्द टिळकांचे, चाल नगरकडच्या एका पाळकांनी १९५० च्या दशकात लावलेली. ते पाळक आता नाहीत. आम्ही ते आठ मात्रांच्या भजनी ठेक्यावरून सरळ चारच्या रॉक ठेक्यावर आणलंय. आठ मात्रा म्हणजे चार-चारचे दोन बार, त्यामुळे गणित सोपं आहे. कठीण आहे तो लयीचा झोक. भजनी ठेका मागे रेलतो आणि रॉक पुढे ढकलतो.

तिसऱ्या कडव्यात ड्रमरच्या हातातली काठी तुटली. त्या रात्री मला एवढंच आठवत होतं की काहीतरी गडबड झाली आणि मग सावरलं. रेकॉर्डिंगमध्ये वेगळंच आहे. ड्रम थांबतात. दादाही थांबतो, बहुधा गोंधळून. माझा बेस दोन बार एकटा चालतो आणि मीही सोडून देते. आणि गाणं थांबत नाही. महिला संघाच्या बायका डाव्या बाजूच्या चार रांगांत बसल्या होत्या. त्या गात राहतात. पुरुष मागून येतात, एक सप्तक खाली. टाळ्या सुरू होतात, पण आमच्या ठेक्यावर नाहीत. त्या भजनी ठेक्याच्या टाळ्या आहेत, मागे रेललेल्या. पूर्ण कडवं तसंच जातं, एक मिनिट दहा सेकंद. ताई माइकपासून दूर होते, तिचा आवाज लहान होत जातो आणि त्यांच्यात मिसळतो. मग ड्रमर नव्या काठीने येतो, आणि येतो तो त्यांच्या लयीत.

मध्येच खिडकीबाहेरून लोकलचा भोंगा वाजतो. २ मिनिटं ४१ सेकंदांवर.

हेडफोन काढून ठेवले आणि बराच वेळ तशीच बसले. आई विचारून गेली, जेवायचं नाही का.

सोमवार, ३ फेब्रुवारी

कालचा तुकडा फक्त ड्रमरला पाठवला. बाकी कुणाला नाही. रात्री साडेअकराला त्याचं उत्तर आलं: "हे मी वाजवलं का?" दहा मिनिटांनी दुसरं: "बाकीचं पण ऐकव."

रविवार, ९ फेब्रुवारी

पहिली बैठक, दादाकडे. पाचही जण.

चर्चा पटकन दुरुस्तीवर आली. कीबोर्डवाला म्हणतो, काढायचाच असेल तर नीट काढू. ताईचा आवाज सहाव्या गाण्यात एका वरच्या स्वरावर फाटतो, तो परत गाऊन घेऊ. किकच्या जागी आधीच रेकॉर्ड केलेला तयार किक बसवू. रिकाम्या खुर्च्या ऐकू येऊ नयेत म्हणून टाळ्या थोड्या दाट करू. सगळे असंच करतात.

सगळे करतात, हे बऱ्याच अंशी खरं आहे. जॉनी कॅशचा फॉल्समच्या तुरुंगातला अल्बम १३ जानेवारी १९६८ ला रेकॉर्ड झाला. त्यातल्या पहिल्या गाण्यात खुनाच्या ओळीनंतर कैद्यांचा जो जल्लोष ऐकू येतो, तो नंतर जोडलेला आहे. पहारेकरी उभे असताना त्या ओळीवर कैदी ओरडलेच नव्हते. मला हे कळलं तेव्हा तो अल्बम आवडेनासा झाला नाही. पण ती जागा आली की दरवेळी मी एकटीच थोडी बाजूला होते.

मी आपलं मत सांगितलं. आमच्या गाण्यात साक्ष आहे. साक्ष देणाऱ्याने खोटं मिसळू नये. टाळ्या वाढवायच्या नाहीत, एकही ओळ परत गायची नाही. आवाज कमी-जास्त करणं, घरघर कमी करणं, गाण्यांमधली जागा कापणं हे चालेल, कारण हॉलमध्ये बसलेला माणूसही मनातल्या मनात तेवढं करतोच. ज्या गाण्यात किक नाही ते गाणं नाही.

कीबोर्डवाल्याने विचारलं, "मग मैफलीचं रेकॉर्डिंग कापून काढतात, ते?"

ड्रमर म्हणाला, "कापतात. पण दाद बाहेरून आणून लावत नाहीत." त्याच्या घरी आजोबांच्या वेळच्या मैफलींच्या टेप आहेत. त्यात तंबोरा जुळवताना कुणीतरी खोकतो आणि तोही घरच्यांना पाठ आहे. तो माझ्या बाजूने बोलेल असं वाटलं नव्हतं.

फाटलेल्या स्वराबद्दल ताईलाच विचारलं. ती म्हणाली, "राहू दे. त्याच्या आधी त्या बाईंची साक्ष झाली होती. तेव्हा माझा गळा भरून आला होता. ते पुन्हा गायला गेले तर काय आणू मी?"

शनिवार, १५ फेब्रुवारी

हक्कांचं काम. आजचा पूर्ण दिवस यातच गेला, पण आता चित्र स्पष्ट आहे.

टिळक १९१९ साली वारले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे शब्द केव्हाच सगळ्यांचे झाले. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर ते ओवी-अभंग घेऊनच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आले. आज आम्ही तेच इलेक्ट्रिक गिटारवर गातो आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. तिसऱ्या आणि दहाव्या गाण्याची चालही परंपरेने आलेली आहे. सातव्याची चाल मात्र त्या नगरच्या पाळकांची. त्यांना जाऊन ६० वर्षं झालेली नाहीत, त्यामुळे कुटुंबाची परवानगी घ्यायलाच हवी.

तीन इंग्रजी गाणी गेली. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खऱ्या धार्मिक विधीत गाणं सादर करायला सूट आहे, म्हणून रविवारी देवळात आपण निर्धास्त गातो. पण रेकॉर्डिंग करून ते बाहेर काढलं की ती सूट संपते. कव्हरसाठी, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण गाऊन काढण्यासाठी, कलम ३१-सी आहे. त्यात मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं आणि दर वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. आमच्या पहिल्या रेकॉर्डिंगच्या पाचशे सीडी काढल्या होत्या, त्यातल्या साठ अजून दादाच्या पलंगाखाली आहेत. परदेशी प्रकाशकांशी थेट बोलणं हा दुसरा मार्ग, पण तेवढा वेळ आणि पैसा आमच्याकडे नाही.

पहिलं, चौथं आणि इंग्रजी तीन (त्यातच पाचवंही आलं) वजा केली की उरतात पाच: तिसरं, सहावं, सातवं, नववं, दहावं. एकूण ३४ मिनिटं.

पैशांचंही लिहून टाकते. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखाद्या गाण्याला बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेल्याशिवाय काहीच मिळत नाही. आमची स्टुडिओतली दोन गाणी त्या आकड्याच्या पुढे गेली, दोन गेली नाहीत. जालना, सांगली, नगर इकडच्या मंडळ्यांमध्ये गाणी पेन ड्राइव्हवर फिरतात आणि यूट्यूबवर ऐकली जातात. त्यामुळे कमाईसाठी हा अल्बम काढायचा नाही, हे पाचही जणांनी मान्य केलंय. मास्टरिंगचा, म्हणजे अल्बमचा आवाज शेवटचा पक्का करण्याचा, खर्च वर्गणीतून.

रविवार, २३ फेब्रुवारी

ज्यांनी साक्ष दिली त्या मावशींना भेटायला गेले. महिला संघाच्या सेक्रेटरी बरोबर होत्या. एकटी गेले असते तर मावशींना नाही म्हणणं जड गेलं असतं.

त्या रात्री त्यांनी नवऱ्याच्या दारूबद्दल, मुलाच्या आजारपणाबद्दल सांगितलं होतं. साडेचार मिनिटं. कागदात न पाहता, रडतही नाहीत, मध्येच एकदा स्वतःशीच हसतात. मी जेवढ्या साक्षी ऐकल्यात त्यातली ही सगळ्यात खरी. आणि सहावं गाणं त्यानंतर लगेच सुरू होतं, म्हणून ते तसं वाजलं.

फोनवर त्यांना पूर्ण ऐकवली. शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बाळा, मी ते तिथल्या माणसांना सांगितलं होतं. माझा मुलगा आता कामाला लागलाय. त्याच्या साहेबाने ऐकलं तर?"

पुढच्या रविवारी सांगते म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की नाही म्हटलंत तरी आम्हाला काही वाटणार नाही. ते पूर्ण खरं नव्हतं. मनातून मला ती साक्ष हवी होती.

रविवार, २ मार्च

मावशी नाही म्हणाल्या. देवळाच्या दारातच मला गाठून, माझा हात धरून.

साक्ष काढली. दोन्ही डिस्कवरच्या मूळ ट्रॅकमधूनही काढली, म्हणजे पुढे कुणाच्या हातून चुकून बाहेर जायची भीती नको. सहावं गाणं आता शांततेतून सुरू होतं. ताईचा आवाज का फाटतो ते ऐकणाऱ्याला कळणार नाही. मला वाटलं होतं, गाणं पडेल. थोडं पडलंच आहे. ते तसंच ठेवणार.

पाळकसाहेबांना हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत, मान हलवली. त्यांनी जानेवारीत जे विचारलं होतं त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही, पण प्रश्न कुठे बसतो ते मला आता कळलंय. मावशींची साक्ष म्हणजे दार लावलेली खोली होती. सातव्या गाण्यातलं ते कडवं तसं नाही. ते सगळ्यांनी मिळून, दारं-खिडक्या उघड्या ठेवून गायलेलं आहे.

बुधवार, ५ मार्च

आज राखेचा बुधवार, उपवासकाळ सुरू. पुनरुत्थान रविवार २० एप्रिलला आहे. दादाला त्या दिवशी अल्बम यायला हवाय. तेवढा वेळ पुरेल, पण नगरच्या परवानगीवर सगळं अडलंय. पत्ता मिळाला आहे.

रविवार, १६ मार्च

काल पहाटेच्या गाडीने दादा आणि मी नगरला जाऊन आलो.

त्या पाळकांची मुलगी आता ऐंशीच्या पुढे आहे. निवृत्त शिक्षिका. आम्ही "सलाम बाई" म्हणालो, त्यांनी आधी आमची आडनावं, मग आजोळ विचारलं. दादाच्या आजीला त्या ओळखत निघाल्या. पाऊण तास परवानगीचा विषयच निघाला नाही. मग त्या म्हणाल्या, "ऐकवा काय केलंय ते."

दादाने छोटा स्पीकर नेला होता. त्याने आधी आमची सुरुवातीची कडवी थोडी कमी आवाजात लावली. मला वाटतं, त्याला गिटारची भीती वाटत होती. बाईंनी आवाज वाढवायला लावला. दुसऱ्या ओळीला त्यांचा हात वर झाला. "थांबव."

आम्ही दोघं गप्प.

"ही ओळ चुकीची म्हणताय. बाबांनी ती खाली आणली होती. तुम्ही वर नेता." त्यांनी म्हणून दाखवली. आवाज कापत होता, पण स्वर पक्का. शेवटच्या तीन अक्षरांवर चाल खाली उतरते, कोमल निषादावर. आम्ही स्वरलिपी नसलेल्या पुस्तकातून आणि दादाच्या आठवणीतून गाणं बसवलं होतं. सात वर्षं चुकीचं गातोय.

दादा म्हणाला, "बाई, मग हे आम्ही वापरणार नाही. परत बसवतो."

"पुढचं तर लाव."

तिसरं कडवं आलं. ड्रम थांबले, माझा बेस थांबला, बायका एकट्या राहिल्या. बाई पुढे वाकल्या. ती ओळ आली. भायखळ्याच्या बायकांनी ती खाली आणली.

"या बरोबर म्हणतायत," बाई म्हणाल्या. "या कुठल्या?"

मी सांगितलं. भायखळ्याच्या मंडळीत नगर, जालना, सोलापूर इकडून गिरणीच्या दिवसांत आलेली घरं आहेत. आज्यांकडून सुनांकडे असं ते गाणं आलं असणार. मी महिन्याभरात तो तुकडा पन्नासेक वेळा ऐकला होता. त्या काहीतरी वेगळं म्हणतायत हे मला ऐकू येत होतं. मी ते हॉलमधला सैल सूर म्हणून सोडून दिलं होतं.

बाईंनी कागदावर सही केली. पैसे नको म्हणाल्या. अट एकच: बाबांचं नाव चालीसमोर यायला हवं आणि पहिल्या दोन कडव्यांत आमची चूक आहे हे कुठेतरी लिहायला हवं. निघताना ताईसाठी लिमलेटच्या गोळ्यांची पुडी दिली, गळ्याला बरी म्हणून.

सोमवार, १७ मार्च

पहिली दोन कडवी ताईने परत गायची का, यावर फोनवर तासभर. कीबोर्डवाल्याचं म्हणणं, आता तर कारणही चांगलं आहे, चाल दुरुस्त करायची आहे. दादाही त्या बाजूला झुकला होता.

ड्रमर म्हणाला, "आपण चुकलो, मग त्यांनी सांभाळलं. रेकॉर्डिंगमध्ये हेच तर आहे." त्याच्या तोंडून हे ऐकल्यावर पुढे कुणी वाद घातला नाही. परत गायचं नाही. माहितीत लिहायचं. आणि इथून पुढे रविवारी देवळात गाताना बरोबर चाल घ्यायची, ती बायकांकडून शिकून. ताईने महिला संघाच्या गुरुवारच्या सभेला जायचं ठरवलंय.

रविवार, ३० मार्च

आज पाडवा. दिवसभर सातव्याचं मिक्स.

आतापर्यंत बाल्कनीचे माइक बँडच्या खाली होते, वातावरणापुरते. आज उलट केलं. तिसऱ्या कडव्यात ते सगळ्यात वर, ६ डेसिबेलने. तेवढे वर आणले की पंखे, खुर्च्यांची करकर, एका बाळाचं कुरकुरणं, सगळं वर येतं. पंख्यांची घरघर बरीच कमी करता आली. फार कमी केली तर बायकांच्या आवाजातला "स" बोथट होतो, म्हणून मधेच थांबले.

तिसऱ्या, नवव्या आणि दहाव्या गाण्यांतही मंडळीचा आवाज उचलून पाहिला. तिसऱ्यात फार सुंदर. दहाव्यातही. नववं आमचं आहे. त्यात लोक फक्त ध्रुवपदाला येतात आणि पहिल्या दोन वेळा चाचपडत. तिसऱ्या वेळी त्यांना ते सापडतं. ड्रमरचा जानेवारीतला प्रश्न होता, आमची गाणी कुणाला पाठ आहेत? स्टुडिओतलं नववं गाणं यापेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. पण लोक ते गाणं शिकतायत, हे फक्त इथे ऐकू येतं.

रविवार, ६ एप्रिल

पंचायतीच्या खोलीत पाचही गाणी वाजवली. पाळकसाहेब, महिला संघाच्या दहा-बाराजणी, आमचे घरचे. ज्यांचा आवाज ओळखू येतो अशा कुणाला हरकत असेल तर सांगा, असं आधी देवळात जाहीर केलं होतं. एका काकांनी सांगितलं की दहाव्यात ते फार जोरात गातात, ते काढा. त्यांच्या पत्नीने लगेच "काही काढू नकोस" म्हटलं. काकांना शेवटी विचारलं तेव्हा राहू दे म्हणाले.

साक्षवाल्या मावशी मागे बसल्या होत्या. सातवं लागल्यावर शेजारणीला म्हणाल्या, "ही मी."

पाळकसाहेबांनी काढा म्हटलं. मत्तयाचं काही बोलले नाहीत. फक्त एक सुचवलं. अल्बमवर बँडचं नाव आधी आणि मंडळीचं नाव खाली होतं. ते दोन्ही एकाच ओळीत घ्या. घेतलं.

शुक्रवार, ११ एप्रिल

मास्टर आला. पहिल्या फेरीत आवाज इतका दाबून मोठा केला होता की सातव्यातलं एकटं कडवं बाकीच्या गाण्याइतकंच मोठं झालं. परत पाठवला. स्ट्रीमिंगवाले तसंही सगळं साधारण उणे १४ लफ्सवर (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आणतात, त्यामुळे मोठा करून फायदा काही नाही आणि ते कडवं लहान राहायलाच हवं. दुसरी फेरी बरोबर आहे.

माहितीतली ओळ दादाने लिहिली, बाईंना फोनवर वाचून दाखवली. "सातव्या गाण्याच्या पहिल्या दोन कडव्यांत दुसऱ्या ओळीची चाल आमच्याकडून चुकली आहे. तिसऱ्या कडव्यात मंडळी गाते ती बरोबर चाल." बाई म्हणाल्या, "सातवं कशाला? अल्बमवर ते तिसरं येणार ना?" बरोबर. दुरुस्त केलं.

सोमवार, १४ एप्रिल

काल झावळ्यांचा रविवार. देवळात ताईने ते गाणं पहिल्यांदा बरोबर चालीत गायलं. दुसऱ्या ओळीला महिला संघाच्या रांगेकडे बघत होती.

आज रात्री फाइली वर चढवायच्या, म्हणजे रविवारपर्यंत सगळीकडे पोचतील. नगर आणि जालन्यासाठी चाळीस पेन ड्राइव्ह, बाईंसाठी एक सीडी, कारण त्यांच्याकडे प्लेअर आहे. शेवटची तपासणी करताना कीबोर्डवाल्याने विचारलं, २:४१ चा लोकलचा भोंगा काढू का, सहज निघेल. भोंगा बायकांच्या षड्जाच्या जवळपासच आहे, किंचित वर. राहू दे म्हटलं.